मोबाईल आपोआप बंद पडला तेव्हा ती रडली नाही

कवडसा

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मुलगी ३ वर्षं ४ महिन्यांची आहे. सव्वा वर्षाची असताना ती तापाने आजारी होती, चार दिवस काही खात नव्हती. तेव्हा पहिल्यांदा मोबाईलवर गाणी लावून घास भरवले. ताप गेला, मोबाईल राहिला. आता दोन्ही वेळचं जेवण मोबाईल समोर ठेवल्याशिवाय होत नाही. नजर पडद्यावर, तोंड आपोआप उघडतं, घास कशाचा आहे हेही तिला कळत नाही. पोट भरल्याचं ती कधी सांगत नाही. व्हिडिओ संपला की जेवण संपलं. शिवाय संध्याकाळी मी कामात असले की आणखी तास-सव्वा तास. सगळं मिळून रोजचे तीन तास होतात. हे लिहितानाही जीव कसनुसा होतोय.

मोबाईल काढून घेतला की रोजचा आकांत. अंग टाकून देते, हातपाय आपटते, एकदा तर रडता रडता काळीनिळी पडली. "दोन मिनिटांत बंद करायचा हं" असं आधी सांगून पाहिलं, कारण सगळेजण तसंच करायला सांगतात. त्याने एवढंच झालं की रडणं दोन मिनिटं आधी सुरू होतं.

आणि परवा वेगळंच घडलं. चार्जिंग संपून मोबाईल तिच्या हातातच बंद पडला. माझ्या छातीत धस्स झालं. ती क्षणभर काळ्या पडद्याकडे बघत राहिली, "झोपला" म्हणाली, मोबाईल खाली ठेवला आणि उठून डब्यांना झाकणं लावत बसली. चांगली वीस मिनिटं. रडली नाही.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. व्यसन म्हणावं तर ती तेव्हा का रडली नाही? आणि मी काढून घेते तेव्हा नेमकी कशासाठी रडते? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया लिहा. डोळे, झोप, बोलणं याबद्दल कुणाला खात्रीचं माहीत असेल तर तेही हवंय.

---

सांजवारा

ताई, वाचून डोळे भरून आले. आमच्याकडे मुलगा ४ वर्षांचा, शब्दन् शब्द हेच. तुम्ही लिहिलंत, मला एवढे दिवस धीर झाला नव्हता. वाचतेय.

---

टिपण

आधी आकडे देतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये ५ वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. १ वर्षापर्यंत स्क्रीन अजिबात नको. १ ते २ या वयातही शक्यतो नकोच. २ पूर्ण झाल्यावर दिवसाला जास्तीत जास्त १ तास, त्याहून कमी तर उत्तम. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्या सूचनांचं नाव. ते हालचाल, बैठेपणा आणि झोप असं आहे. स्क्रीन त्यातली एक ओळ. ३-४ वर्षांच्या मुलाला दिवसातून १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं दमवणारी, आणि १० ते १३ तास झोप.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये २ वर्षांखाली टीव्ही नको असं सांगितलं होतं. २०१६ मध्ये त्यांनी ते बदललं: १८ महिन्यांपर्यंत व्हिडिओ कॉल सोडून काही नको, आणि २ ते ५ या वयात चांगल्या प्रतीचा कार्यक्रम तासभर, तोही मोठ्या माणसाने शेजारी बसून बघायचा. ५ वर्षांपुढे त्यांनी सगळ्यांना एकच आकडा दिला नाही. झोप, अभ्यास, खेळ यांची जागा धरून प्रत्येक घराने आपलं ठरवावं असं म्हटलं.

आता तुमच्या मुलीचा दिवस मांडून बघा. १२ तास झोप धरली तर जागेपणी १२ तास उरतात. त्यातले ३ तास म्हणजे जागेपणाचा चौथा हिस्सा. मोठ्या माणसाचे तीन तास आणि या वयाचे तीन तास यांचं वजन एक नाही.

---

उच्चार

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, १४ वर्षं हेच काम. कवडसाताई, तुमची मुलगी "झोपला" म्हणाली हे वाचून मला बरं वाटलं. तिने बंद पडलेल्या वस्तूला स्वतःचा शब्द लावला. ही चांगली खूण आहे.

माझ्याकडे अलीकडे एक ठरावीक चित्र वारंवार दिसतं. मुलाला सगळे रंग येतात, शंभरापर्यंत आकडे येतात, प्राण्यांची नावं येतात. आईवडील कौतुकाने सांगतात आणि खरंच येत असतं. पण पाणी हवं असलं की तो आईचा हात धरून ओढत नेतो. "पाणी दे" म्हणत नाही. शब्द साठलेत, देवाणघेवाण झालेली नाही.

असं का होतं याचा एक सुंदर प्रयोग आहे. २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी घरातल्या ९ महिन्यांच्या बाळांना चीनमधली मँडरिन भाषा ऐकवली. काही बाळांशी प्रत्यक्ष माणूस बोलला, खेळला, पुस्तक दाखवलं. एकूण १२ बैठका. काहींना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. प्रत्यक्ष भेटलेल्या बाळांना मँडरिनमधले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. पडद्यावर बघणाऱ्यांना काहीही फायदा झाला नाही. आवाज तोच, चेहरा तोच. फरक एवढाच की पडद्यावरचा माणूस बाळ कुठे बघतंय हे बघत नव्हता.

म्हणूनच व्हिडिओ कॉल वेगळा. २०१४ च्या एका अभ्यासात २४ ते ३० महिन्यांची मुलं व्हिडिओ कॉलवर समोरच्याकडून नवीन क्रियापदं शिकली, पण आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. कॉलवरचा माणूस उत्तराची वाट बघतो, मुलाने काही केलं की त्याला प्रतिसाद देतो. दूर असलेल्या आजीशी बोलायला मोबाईल दिला म्हणून कुणी अपराधी वाटून घेऊ नका.

आणखी एक, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: कुणीही बघत नसताना चालू असलेला टीव्ही. २००९ मध्ये दिमित्री ख्रिस्ताकिस आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या अंगावर छोटा रेकॉर्डर लावून दिवसभराचं बोलणं मोजलं. टीव्हीचा आवाज असलेल्या प्रत्येक तासामागे मोठ्या माणसांचे मुलाच्या कानावर पडणारे शब्द ७७० ने कमी झाले. टीव्ही मुलाला गप्प करण्याआधी आपल्याला गप्प करतो.

शेवटचं, आणि कळकळीने: स्क्रीनमुळे ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. मोबाईलवर फिरणारे तसले व्हिडिओ बघून पालक स्वतःला दोष देत बसतात, किंवा "मोबाईल बंद केला की बोलेल" म्हणून सहा-आठ महिने थांबतात. दोन्हीत मुलाचं नुकसान. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर मोबाईल बंद करा आणि त्याच आठवड्यात तपासणीही करून घ्या.

---

सरळरेघ

थोडा वेगळा सूर लावतो. भीतीचं प्रमाण तपासायला हवं. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. डिजिटल वापर आणि मानसिक स्वास्थ्य यांचा उलटा संबंध सापडला, पण स्वास्थ्यातल्या एकूण फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकच त्यावरून समजावता येतो. एवढ्या आकड्यावर घराघरांत युद्ध का पेटवायचं?

दुसरं, आधी काय आणि मग काय? कदाचित मूळचंच चिडकं मूल असतं, म्हणून त्याच्या हातात मोबाईल जास्त जातो. मग आपण म्हणतो की मोबाईलने चिडकं झालं.

---

उच्चार

सरळरेघ, प्रश्न रास्त आहे. तो अभ्यास किशोरांचा आहे आणि सगळ्यांची सरासरी आहे. मैत्रिणीशी गप्पा, रात्री दोनपर्यंतचं स्क्रोलिंग, गणिताचा व्हिडिओ, सगळं एकाच "वापर" या शब्दात गेलं. तीन वर्षांच्या मुलाला तो आकडा लावता येत नाही.

आधी काय, मग काय यावर मात्र तुमचं अर्धं बरोबर आहे. जेनी रॅडेस्की यांच्या गटाने ३ ते ५ वयाची मुलं आणि त्यांचे ४२२ पालक यांचा सहा महिने पाठपुरावा केला. २०२२ च्या अखेरीस ते प्रसिद्ध झालं. मूल चिडलं की शांत करायला वारंवार मोबाईल देणाऱ्या घरांत पुढच्या काही महिन्यांत मुलांचे भावनिक उद्रेक वाढलेले दिसले, विशेषतः मुलग्यांत आणि मुळातच चळवळ्या मुलांत. म्हणजे चिडक्या मुलाला मोबाईल जास्त मिळतो हे खरं, आणि ज्याला राग शांत करायचा सराव सगळ्यात जास्त हवा त्याचाच सराव बुडतो हेही खरं.

---

सरळरेघ

हा मुद्दा पटला. ४२२ चा अभ्यास माहीत नव्हता, वाचतो.

---

पाटीपेन्सिल

मी बालवाडीत शिकवते. आकडे सांगू शकत नाही, हात सांगू शकते. पूर्वी वर्षाच्या सुरुवातीला कात्री धरता न येणारी दोन-तीन मुलं असायची. आता कागद फाडायलाही बोटांत जोर नसलेली मुलं येतात. पडद्यावर बोट सरकवायला जोर लागत नाही. चिकणमाती मळायला लागतो, बटण लावायला लागतो, खडू दाबायला लागतो.

आणि वाट बघणं. गोष्ट सांगताना मी मध्ये थांबले की पूर्वी मुलं श्वास रोखून बघायची. आता तीन सेकंदांत चुळबुळ सुरू होते. २०११ चा एक प्रयोग आम्हाला प्रशिक्षणात शिकवला होता: ४ वर्षांच्या ६० मुलांपैकी काहींना ९ मिनिटं वेगवान कार्टून दाखवलं, काहींना संथ शैक्षणिक कार्यक्रम, काहींना चित्र काढायला बसवलं. लगेच नंतर लक्ष धरून ठेवायचे आणि स्वतःला आवरायचे खेळ घेतले. वेगवान कार्टूनवाली मुलं चित्र काढणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे मागे पडली. अवघ्या ९ मिनिटांत. हा परिणाम तेवढ्यापुरता मोजलेला आहे, कायमचा असं कुणी म्हटलेलं नाही. पण शाळेत निघण्याआधीचा अर्धा तास कार्टूनचा असू नये, एवढं मी माझ्या पालकांना हात जोडून सांगते.

---

नजर

डोळ्यांबद्दल विचारलंत म्हणून. चष्म्याचे नंबर काढणं हे माझं रोजचं काम आहे.

लांबचं न दिसणं, म्हणजे मायनस नंबर, यात डोळ्याचा गोळा पुढून मागे लांबतो. लांबला की परत आखूड होत नाही. म्हणून मूल जितक्या लहानपणी मायनसमध्ये जाईल तितका नंबर वाढायला वर्षं जास्त मिळतात. २०१६ च्या एका मोठ्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातली जवळजवळ अर्धी लोकसंख्या मायनस नंबरची असेल.

पण सगळा दोष पडद्यावर टाकू नका. जवळचं काम, मग ते पुस्तक असो वा मोबाईल, आणि बाहेरच्या उजेडाचा अभाव ही जोडगोळी आहे. मोबाईल पुस्तकाहूनही जवळ धरला जातो, आणि तो मुलाला घरात बसवून ठेवतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांत एक प्रयोग झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या अर्ध्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज फक्त ४० मिनिटं जादा मैदानावर नेलं. तीन वर्षांनी मैदानावर जाणाऱ्यांत ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, बाकीच्यांत ३९.५ टक्के. औषध नाही, उपकरण नाही, नुसता दिवसाचा उजेड. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारांत जातो. त्या उजेडाने डोळ्याच्या आतल्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि ते गोळ्याची लांबी आवरून धरतं, असं सध्या मानलं जातं.

डोळे चोळणं, लाल होणं हे वेगळं. पडद्याकडे टक लावली की पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते आणि डोळा सुकतो. मोठ्या मुलांना दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायला सांगा. तीन वर्षांच्या मुलीला हे सांगून उपयोग नाही, तिला बाहेर न्या. आणि निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालू नका, डोळ्यांचा ताण त्याने कमी होतो असं दिसलेलं नाही.

(अवांतर: नंबर आहे की नाही हे लहान मूल स्वतः सांगत नाही. त्याला वाटतं जग असंच धूसर असतं. शाळा सुरू होताना एकदा डोळे तपासून घ्या.)

---

उंबरठा

कवडसाताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. मला ते माहीत आहे, आणि ते सांगणं माझं कर्तव्य आहे असं वाटतं, कारण मी सहा वर्षं व्हिडिओची अ‍ॅप बनवण्याचं काम केलं आहे.

२०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्सिस हिनिकर आणि सहकाऱ्यांनी १ ते ५ वर्षांची मुलं असलेल्या कुटुंबांत नेमकं हेच तपासलं: स्क्रीन बंद करायच्या वेळी काय होतं. २८ कुटुंबांनी रोजनिशी लिहिली. दोन निष्कर्ष निघाले. "दोन मिनिटं राहिली" असं सांगितल्यावर मुलं जास्त विरोध करत होती, कमी नाही. आणि कार्यक्रम स्वतःहून संपला किंवा यंत्रच चालेनासं झालं, तर मुलं बरीच सहज उठून जात होती. तुमच्या मुलीने परवा हेच केलं.

कारण साधं आहे. तुम्ही मोबाईल ओढता तेव्हा समोर माणूस असतो. माणसाशी झगडता येतं, रडून त्याचं मन वळवता येतं, आणि दहातल्या दोन वेळा ते वळलेलंही असतं. ती दोन वेळा रडणं पक्कं करतात. चार्जिंग संपलेल्या मोबाईलशी कुणाचं भांडण? तो झोपला, विषय संपला.

आता माझ्या कामाचा भाग. पूर्वी गोष्ट संपायची, पान उलटायला लागायचं, कार्यक्रमाची वेळ संपायची. हे थांबे आम्ही काढून टाकले. एक व्हिडिओ संपायच्या आत पुढचा सुरू, याला ऑटोप्ले म्हणतात. न संपणारं स्क्रोलिंग एझा रास्किन यांनी २००६ मध्ये तयार केलं आणि पुढे त्यांनी स्वतः जाहीरपणे त्याबद्दल खेद व्यक्त केला. आमच्या बैठकीत "मूल किती वेळ बघतंय" हा आकडा भिंतीवरच्या पडद्यावर असायचा. तो वाढला की टाळ्या. पहिली मुलगी झाल्यावर तो आकडा मला बघवेना, मी ते काम सोडलं.

म्हणून थांबा परत बसवा. ऑटोप्ले बंद करा. दोन व्हिडिओ आधी डाउनलोड करून ठेवा, इंटरनेट बंद करा आणि मग मोबाईल हातात द्या. दोन संपले की पुढे काहीच नाही. रोज एकाच जागी, एकाच वेळी. आणि संपल्यावर लगेच काय करायचं ते तयार ठेवा, झाकणं का असेनात.

---

शांतपाऊल

एक वेगळी बाजू मांडायची आहे. माझा मुलगा ७ वर्षांचा आहे, त्याला तोंडाने बोलता येत नाही. टॅबलेटवर चित्रं आहेत, चित्र दाबलं की यंत्र शब्द उच्चारतं. गेल्या वर्षी त्याने तीन चित्रं दाबून "आई दमली झोप" असं मला सांगितलं. त्या आधी सहा वर्षं तो काय विचार करतो हे मला माहीत नव्हतं.

बाहेर गेलो की लोक त्याच्या हातातला टॅबलेट बघून मान हलवतात. एका बाईंनी तो काढूनही घेतला होता, भल्याच्या भावनेने. तो त्याचा आवाज आहे. स्क्रीनविरुद्ध बोलताना कृपया आधी बघा की मूल त्यातून काही घेतंय, की त्यातून बोलतंय.

---

उच्चार

शांतपाऊल, शंभर टक्के अनुमोदन. असा टॅबलेट स्क्रीन टाईममध्ये मोजायचाच नसतो. आणि यंत्र दिलं तर मूल तोंडाने बोलायचा आळस करेल ही भीतीही खोटी ठरलेली आहे.

---

पहाटवेळ

मी १९ वर्षांची आहे. सगळे पालक बोलताय, म्हणून जिच्या हातात मोबाईल होता तिची बाजू.

मला ११ व्या वर्षी मोबाईल मिळाला. दिवसाच्या वापराने माझं काही बिघडलं असं मला वाटत नाही. रात्रीने बिघडवलं. उशीखाली मोबाईल, ग्रुपवर काही चाललं असेल आणि मी नसेन तर उद्या शाळेत मला काहीच कळणार नाही, ही भीती. नववीत मी सलग कित्येक महिने सहा तासांहून कमी झोपत होते. वर्गात डोळे मिटायचे, आईवर ओरडायचे, घरी सगळ्यांना वाटायचं वयाचा परिणाम. माझे फोटो मी दहा वेळा काढून दहाही वेळा पुसायचे, हे आईला अजून माहीत नाही.

आईने मोबाईल कपाटात कुलूपबंद करून बघितला. मी मैत्रिणीचा जुना फोन लपवून आणला. सुटका झाली ती बाबांनी "रात्री साडेनऊनंतर घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीत" असं ठरवलं तेव्हा. सगळे, म्हणजे त्यांचाही. गजराचं घड्याळ आणलं. ग्रुपवर मी सांगून टाकलं की आमच्या घरी नियम आहे. बाबांवर ढकलता आलं, म्हणून मला मैत्रिणींसमोर कमीपणा आला नाही. मोठ्या मुलांच्या आईबाबांनो, मुलांना तुमच्यावर ढकलायची सोय ठेवा.

---

टिपण

पहाटवेळ, मनापासून लिहिलंस. झोपेबद्दल पूरक: २०१८ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या १० मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात बसवलं, तर झोप आणणारं मेलाटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी घटलं आणि उजेड बंद केल्यावर ५० मिनिटांनीही सावरलं नव्हतं. तो उजेड मोबाईलपेक्षा बराच जास्त होता, त्यामुळे आकडा जसाच्या तसा मोबाईलला लावू नका. पण लहानांचे डोळे उजेडाला किती हळवे असतात ते यातून कळतं. म्हणून झोपेआधी तासभर पडदा नको.

तुझ्या "बाबांवर ढकलता आलं" यावरून आठवलं. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. जबाबदारी कंपन्यांवर आहे, शिक्षा मुलांना वा पालकांना नाही. फ्रान्सने २०१८ मध्येच १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत मोबाईल वापरायला बंदी केली. ढकलायची सोय देशाने केली म्हणायची.

---

आजोबा_७१

सगळ्यांचं वाचलं. मला एकच सांगायचं आहे, राग मानू नका पोरांनो.

माझा नातू दीड वर्षाचा असताना जे बघितलं ते विसरत नाही. त्याने ठोकळ्यांवर ठोकळा रचला, तिसरा रचला, आणि टाळी वाजवून आईकडे बघितलं. सून फोनमध्ये. बापाकडे बघितलं. मुलगा फोनमध्ये. मग त्याने स्वतःच ते पाडले आणि रांगत फोनकडे गेला. ज्या वस्तूकडे घरातली दोन्ही मोठी माणसं इतक्या प्रेमाने बघतात ती त्यालाही हवी होती.

नंतर नातीच्या पुस्तकात वाचलं की एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता. आई बाळाशी हसत खेळत असते, मग सांगितल्याप्रमाणे चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. तरी चेहरा हलत नाही. मग बाळ मान वळवतं, रडू लागतं. तेव्हा मोबाईल नव्हते. फोनमध्ये बघणाऱ्या माणसाचा चेहरा तसाच असतो, आरशात बघा.

मी काही बोललो नाही. माझा स्वतःचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आणि जमिनीवर बसलो. गुडघे दुखतात, पण बसलो.

---

सांजवारा

आजोबा, राग कसला. आत्ता हे वाचतानाही मुलगा शेजारी उभा आहे आणि मी "थांब हं" म्हणाले. ठेवते फोन.

---

कवडसा

पाच आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे आभार, एकेकाचा प्रतिसाद दोन-दोनदा वाचला.

आम्ही दोघांनी बसून ठरवलं: आधी फक्त जेवण. बाकी कशाला हात लावायचा नाही. डॉक्टरांना आधी वजन दाखवून घेतलं, ते म्हणाले थोडे दिवस कमी खाल्लं तरी काळजी नाही. पहिले चार दिवस फार वाईट गेले. ती दोन घास खाऊन उठायची, मला रात्री झोप लागायची नाही. आम्ही तिच्या मागे ताट घेऊन धावलो नाही, ओरडलोही नाही. पाचव्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने खाल्लं, निम्मं सांडलं, आणि म्हणाली, "पोट भरलं." सव्वा वर्षाची असल्यापासून हे तिने कधी म्हटलं नव्हतं. मी आत जाऊन रडले.

दुसऱ्या आठवड्यात उंबरठा यांनी सांगितल्याप्रमाणे संध्याकाळचे दोन व्हिडिओ, इंटरनेट बंद. संपले की ती "झोपला" म्हणते आणि मोबाईल माझ्याकडे आणून देते. रोज नाही. गेल्या पाच आठवड्यांत तीनदा आकांत झाला, त्यातल्या दोन वेळा ती मुळात झोपेला आली होती. उजेड असेपर्यंत बाहेर जाणं सुरू केलंय. तीन तासांचे आता चाळीस मिनिटं झालेत.

मला सगळ्यात जड गेलं ते आजोबांचं. माझा फोन संध्याकाळी दोन तास दाराजवळच्या खणात असतो. पहिल्या आठवड्यात हात सारखा तिकडे जायचा. या दोन तासांत ती किती बोलते हे मला माहीतच नव्हतं.

---

सांजवारा

ताई, मी उद्यापासून जेवणाचं सुरू करतेय. एकच विचारते, त्या पहिल्या चार दिवसांत ती मोबाईल मागायची तेव्हा तुम्ही काय म्हणायचात?

---

कवडसा

"जेवताना मोबाईल नाही." एवढंच, रोज त्याच शब्दांत. पहिल्या दिवशी मी खूप समजावलं होतं, डोळे खराब होतात वगैरे, त्याने ती जास्त चिडली. दुसऱ्या दिवसापासून एक वाक्य, आणि तिच्या शेजारी बसून मीही जेवायचे. आधी तिला भरवून मग आम्ही जेवायचो, ते बंद केलं. ताट एकाच वेळी तिघांचं वाढा. आणि चौथ्या दिवशी धीर सुटायला लागला तर इथे लिही, मी असेन.